कोरड्या रानाची उसंत : बुलढाणा जिल्ह्यातील वृक्ष आणि त्यांच्यावरील ताण

अवर्षण, उष्णता, क्षार, वणवा, कुऱ्हाड आणि कीड या आपत्तींना एकेकटा वृक्ष कसे तोंड देतो, आणि वृक्षांचा समुदाय म्हणून वन त्यांपुढे कसे टिकते किंवा मोडते, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतील राहिलेला नाही; ज्या मुलखात दर काही वर्षांनी पावसाचा खंड पडून पिकांबरोबर विहिरीही हात टेकतात, त्या मुलखातील महसुली आणि वनखात्याच्या दफ्तरांत त्याला पिण्याच्या पाण्याइतकेच महत्त्वाचे स्थान असावयास हवे. बुलढाणा जिल्हा हा असा मुलूख आहे. साडेनऊ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराच्या या जिल्ह्यात वनाच्छादन सहा टक्क्यांच्या आगेमागे आहे, पर्जन्यमान सरासरीने सातशे ते आठशे मिलिमीटर असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, आणि उरलेले आठ महिने येथील वृक्षाला आपल्या संचितावर काढावे लागतात. त्या संचिताचा, त्याच्या खर्चाचा आणि ते पुन्हा भरून येण्यास लागणाऱ्या अवधीचा विचार हाच या आढाव्याचा गाभा आहे. कारण उपलब्ध ज्ञानाचा मेळ घातला असता असे दिसते की येथील वृक्षांत सोसण्याच्या शक्तीची वाण नाही, वाण आहे ती एका आघातानंतर दुसरा आघात येण्यापूर्वी मिळावयाच्या उसंतीची.

भूमी आणि वनाचे स्वरूप

जिल्ह्याची भूरचना तीन पट्ट्यांची आहे. उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग, मध्ये पूर्णा नदीचे खोल गाळाचे काळे खोरे, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूचा पठारी प्रदेश, जेथे पैनगंगेचा उगम होतो. सातपुड्यात मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेले अंबाबरवा अभयारण्य आहे. अजिंठ्याच्या रांगेत बोथ्याच्या परिसरात सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. आणि लोणारच्या विवरात सुमारे पावणेचार चौरस किलोमीटरांचे तिसरे अभयारण्य आहे. पहिली दोन १९९७ मध्ये आणि तिसरे २००० मध्ये अस्तित्वात आले.

हे वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, सालई, धावडा, अंजन, खैर, तेंदू, मोह, मोई, पळस, बेल हे त्यातील प्रमुख वृक्ष होत. डोंगरउतारांवर मातीचा थर वीतभर, त्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली बेसॉल्टचा खडक अशी बहुतेक ठिकाणची स्थिती असल्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यापेक्षा वाहून जाण्याकडेच अधिक कल असतो, आणि खडकाच्या सांध्यांत व भेगांत जे काही उतरते तेच उन्हाळ्यात झाडांच्या उपयोगी पडते. खोऱ्यातील काळी जमीन पाणी पुष्कळ धरून ठेवते खरी, परंतु तेच पाणी मातीच्या कणांना असे चिकटून राहते की त्यातील मोठा हिस्सा मुळांना ओढता येत नाही, आणि उन्हाळ्यात ती जमीन भेगाळली म्हणजे कोवळी मुळे तुटतात. तात्पर्य, उथळ मुरमावर पाणी नाही म्हणून आणि खोल काळीत ते सुटत नाही म्हणून, दोन्ही ठिकाणी वृक्षाला तहान सोसावी लागते.

पाण्याचा ताण : पर्णरंध्रे, जलस्तंभ आणि मुळे

वृक्षाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढते कसे, याचे आजही मान्य असलेले उत्तर डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडले. पानांतून बाष्प उडून जाते, त्यामुळे पानांत ओढ निर्माण होते, आणि पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे मुळापासून पानापर्यंतचा अखंड जलस्तंभ त्या ओढीने वर खेचला जातो. जमीन कोरडी पडू लागली म्हणजे ही ओढ वाढत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरून तो स्तंभ तुटतो. तुटलेली वाहिनी निकामी होते. अशा वाहिन्यांची संख्या वाढत गेली की फांदी, आणि पुढे सबंध झाड, वाळते.

हा धोका टाळण्याचा वृक्षाचा पहिला उपाय म्हणजे पर्णरंध्रे मिटून घेणे. जमिनीतील ओल कमी झाली की ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाच्या योगाने रंध्रांच्या दारावरील पेशी सैल पडतात आणि बाष्प बाहेर जाणे थांबते. परंतु ज्या दाराने बाष्प बाहेर जाते त्याच दाराने कार्बन डायॉक्साइड आत येत असल्यामुळे रंध्रे मिटली की अन्ननिर्मितीही थांबते, आणि वृक्षाला साठवलेल्या पिष्टावर निर्वाह करावा लागतो. दार उघडे ठेवावे तर जलस्तंभ तुटण्याचे भय, मिटून घ्यावे तर उपासमार, या कोंडीत प्रत्येक जातीने आपापला मार्ग निवडलेला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात ८१ ठिकाणच्या २२६ वृक्षजातींची तुलना केली असता सुमारे सत्तर टक्के जाती जलस्तंभ तुटण्याच्या सीमेच्या अगदी लगत जगत असल्याचे आढळले, आणि हे ओल्या व कोरड्या दोन्ही प्रदेशांतील वनांना लागू पडते. २०१७ मधील दुसऱ्या एका संकलनात, अवर्षणाने मेलेल्या २६ जातींपैकी सर्वांमध्ये जलवहन कोलमडलेले दिसले, तर अन्नसाठा घटलेला सुमारे निम्म्या प्रकरणांतच दिसला. म्हणजे वृक्ष मरतो तो मुख्यतः पाण्याची वाट तुटल्यामुळे. उपासमार त्याला त्या टोकापर्यंत हळूहळू ढकलत नेते.

बुलढाण्याच्या रानातील वृक्षांनी या कोंडीतून काढलेला सर्वांत ठळक मार्ग म्हणजे पानगळ. सागाच्या रुंद वाहिन्या पावसाळ्यात भरपूर पाणी वाहून नेतात, पण त्याच वाहिन्या तहानेच्या काळात सर्वाधिक नाजूक ठरतात. म्हणून तो हिवाळ्याच्या अखेरीस पानांचा त्याग करून पाण्याचा खर्चच बंद करतो आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत उघडा राहतो. सालई आणि मोई या मऊ लाकडाच्या वृक्षांनी खोडातच पाणी साठवण्याचा मार्ग धरला आहे. धावड्याचे लाकूड कठीण आणि चिवट. तो लहान पानांवर भागवतो आणि उथळ, खडकाळ उतारावरही तग धरतो.

या सर्वांहून विलक्षण अशी गोष्ट पुढेच आहे. पळस, मोह, अंजन यांसारखे वृक्ष पावसाची वाट न पाहता ऐन उन्हाळ्यात, जमीन तापून निघालेली असताना, नवी पालवी काढतात. तहानेच्या ऐन काळात पाणी खर्च करणारे नवे पान काढणे हा वरकरणी विरोधाभास आहे, आणि थायलंडमधील मोसमी वनांवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो याच शब्दाने मांडलेला आहे. त्याचे उत्तर असे दिले जाते : जुनी पाने गळून पडली की बाष्पाचा खर्च थांबतो, खोलवरच्या ओलीतून मुळे सावकाश पाणी ओढत राहतात, खोड पुन्हा भरते, आणि दिवस मोठा होऊ लागल्याच्या इशाऱ्यावर कळ्या फुटतात, त्यामुळे पहिला पाऊस पडतो तेव्हा या वृक्षांची पाने कामाला तयार असतात. अर्थात हे सारे खोल मुळांच्या भरवशावर. अंजनाचे रोप कोवळ्या वयातच आपल्या शक्तीचा मोठा वाटा सोटमुळाकडे वळवते. जमिनीवर वीतभर दिसणारे रोप खडकाच्या भेगेतून त्याच्या कित्येक पट खोल गेलेले असते. हा वृक्ष वऱ्हाड-खानदेशच्या निकृष्ट मुरमाड टेकड्यांवर गटागटाने उभा आढळतो, आणि गुरांना त्याची पाने प्रिय असल्यामुळे दुष्काळात त्याच्याच फांद्यांवर सर्वांआधी कोयता पडतो.

उष्णता आणि क्षार

उन्हाळ्यात पूर्णेच्या खोऱ्यातील तापमान पंचेचाळीस अंशांच्या वर जाणे ही आता नवलाची बाब नाही. पान बाष्पोत्सर्जनाने स्वतःला थंड ठेवते; पाणी नसले की हे शीतलीकरण बंद पडते आणि उन्हातील पान भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक तापते. उष्ण प्रदेशातील वृक्षांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा सरासरीने ४६ ते ४७ अंशांच्या सुमारास बिघडू लागते, असे मोजमापांवरून दिसते. जे वृक्ष उन्हाळ्यात निष्पर्ण असतात त्यांना हा धोका नाही. जे पालवी काढतात त्यांना तो आहे, आणि म्हणून उष्णतेच्या लाटा जसजशा तीव्र होतील तसतसे पळस-मोह-अंजन यांच्या त्या धाडसी पालवीचे काय होईल, हा या मुलखापुरता तरी अत्यंत निकडीचा संशोधनविषय होय.

क्षारांचा ताण तितकाच या जिल्ह्याचा स्वतःचा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने जाणारा खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे; येथील भूजल खारट, पिण्यास अयोग्य आणि सिंचनासही अपायकारक. क्षारयुक्त पाणी मुळांपाशी असूनही आत येत नाही, कारण क्षारांमुळे बाहेरील द्रवाचा परासरणदाब वाढलेला असतो. शिवाय सोडियमचे कण पेशींत साचले की पानांच्या कडा करपतात. म्हणून या पट्ट्यात बाभूळ, हिवर, निंब अशा निवडक जातीच टिकतात.

लोणारचे विवर तर या विषयाचे निसर्गाने मांडून ठेवलेले प्रात्यक्षिकच आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या आघातविवराच्या तळाशी पाण्याचा सामू दहाच्या वर जाणारे अल्कधर्मी सरोवर आहे, आणि विवराच्या कडेवरून खाली उतरत गेले असता वनस्पती वर्तुळावर्तुळांनी बदलत जातात. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत या वर्तुळांचे वर्णन केलेले आहे : बाहेर जंगल, मग शिंदीच्या व चिंचेच्या झाडांचे कडे, त्याच्या आत बाभळीचे, आणि अगदी आत पाण्यालगत झाड न उगवणारी चिखलाची पट्टी. तेथील ‘धार’ या गोड्या झऱ्याभोवतीची दाट सावली आणि काही अंतरावरील उघडा क्षारयुक्त काठ यांची तुलना केली म्हणजे एकच पाऊस, एकच ऊन असताना मातीतील क्षार वनाचे रूप किती बदलू शकतात हे स्पष्ट होते. या सरोवराला २०२० मध्ये रामसर करारान्वये महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जा मिळाला. पण त्याच विवरात मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडून आलेल्या वेड्या बाभळीने बस्तान बसविले असून तिच्या निर्मूलनाची मोहीम शासनाला हाती घ्यावी लागली. जी जात क्षार, तहान, चराई आणि तोड या चारही गोष्टी सोसते, ती ताणाखालील भूमीवर इतरांची जागा घेते. ताण वाढविणे म्हणजे अशा जातींना सनद देणे होय.

वणवा, कुऱ्हाड, चराई आणि कीड

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळणे, तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून आग लावणे, निष्काळजीपणाने टाकलेली विडी, ही त्याची नेहमीची कारणे. येथील वृक्षांनी आगीलाही उत्तरे शोधलेली आहेत : मोठ्या झाडांची जाड साल आतील जिवंत थराचे रक्षण करते, तेंदू आणि पळस मुळांपासून फुटवे काढतात, आणि साग तोडला किंवा जळला तरी खुंटावरून पुन्हा उगवतो. वनशास्त्रज्ञांनी फार पूर्वीपासून नोंदविलेला एक प्रकार येथे विशेष विचारार्ह आहे. रानातील सागाचे किंवा तेंदूचे रोप उन्हाळ्यात वणव्याने, तहानेने किंवा गुरांच्या तोंडून जमिनीपर्यंत नष्ट होते, पावसाळ्यात पुन्हा फुटते, पुन्हा नष्ट होते. असे कित्येक वर्षे चालते, परंतु या काळात जमिनीखालचे मूळ दरवर्षी थोडे थोडे जाड होत असते. शेतकरी वर्षभराच्या धान्याची बेगमी कणगीत करतो तशी ही बेगमी आहे. आणि एखादी दोन-तीन वर्षे आग व चराई यांपासून मोकळी मिळाली की हेच मूळ एका दमात असा फुटवा काढते की तो ज्वाळांच्या आणि शेळीच्या तोंडाच्या उंचीपलीकडे निघून जातो. जे रान ओसाड म्हणून कागदोपत्री नोंदले जाते त्याच्या पोटात अशी हजारो मुळे वाट पाहत असतात.

किडीचा मामलाही याच न्यायाने समजावा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाच्या पानांची जाळी करणारी अळी अशी पसरते की सबंध डोंगर करपल्यासारखा दिसतो. तरीही निरोगी साग त्यातून वाचतो. परंतु अळीच्या वर्षालाच अवर्षणाचे वर्ष लागून आले, तर पानांचे नुकसान आणि पाण्याची टंचाई या दोहोंचा भार एकाच साठ्यावर पडतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशातील साल वनांत खोडकिड्याने घातलेला धुमाकूळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे; सशक्त सालवृक्ष आपल्या चिकट रसात या किड्याच्या अळ्यांना बुडवून मारतो, पण दुर्बळ झाडाकडे ते सामर्थ्य नसते. सालईच्या डिंकासाठी घातलेले घावही असेच. डिंक हे झाडाचे संरक्षण असते, आणि ते पुन्हा पुन्हा काढून घेतले की संरक्षणाचा खर्च अन्नसाठ्यावर पडतो.

काळाचा हिशेब

ताण संपला म्हणजे त्याचा परिणामही संपला, असे पूर्वी गृहीत धरले जाई. २०१५ मध्ये जगातील तेराशेहून अधिक ठिकाणच्या वाढवलयांच्या अभ्यासाने हे गृहीत मोडून काढले : तीव्र अवर्षणानंतर वृक्षांची वाढ एक ते चार वर्षे अपेक्षेपेक्षा कमी राहते, आणि कोरड्या प्रदेशात हा परिणाम अधिक ठळक असतो. साग हा आपल्याकडील अशा अभ्यासाला सर्वांत सोयीचा वृक्ष आहे, कारण त्याची वर्षागणिक वलये स्पष्ट असतात. पुण्याच्या भारतीय उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवर दीर्घकाळ काम केले असून केरळातील सागांवरून १४८१ पासूनची ५२३ वर्षांची वलयमालिका तयार केली आहे. अरुंद वलये आणि दुबळा मोसमी पाऊस यांचा संबंध तीत दिसून येतो. वऱ्हाडातील जुन्या सागांचीही अशी मालिका तयार झाली, तर १८९९-१९०० (संवत १९५६) चा छप्पन्नचा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांनंतर येथील रान सावरण्यास किती वर्षे लागली, याचा झाडांनीच लिहून ठेवलेला दाखला हाती येईल.

वनाचे समुदाय म्हणून होणारे परिवर्तन याहून मंद असते. ताण वारंवार आला की मोठ्या छत्राचे वृक्ष विरळ होतात, गवत आणि घाणेरी वाढते, वणवे अधिक तीव्र होतात, आणि काटेरी, चिवट जातींचे प्रमाण वाढत जाऊन पानझडी वनाचे खुरट्या झुडपी रानात रूपांतर होते. हवामान बदलले तर जाती आपले स्थान बदलतील, असे सांगणारा एक पक्ष आहे. परंतु बियांना त्यासाठी सलग रान लागते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०१९ मध्ये तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून ज्ञानगंगेत पोहोचला; शेते, रस्ते आणि वस्त्या ओलांडून जाण्याचे हे सामर्थ्य अंजनाच्या किंवा सालईच्या बीजाला नाही. हवेतील वाढता कार्बन डायॉक्साइड झाडांना कमी पाण्यात अधिक अन्न तयार करू देईल, असे म्हणणारा दुसरा पक्ष आहे, आणि त्यात तथ्यही आहे. मात्र तापलेली हवा पानांतून अधिक पाणी ओढते, आणि पाण्यालाच मर्यादा असलेल्या रानात या लाभावर विसंबून राहणे धोक्याचे होय.

कर्तव्य

महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत अनुक्रमे दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे संकल्प जाहीर केले. या संकल्पांमागील तळमळीचा आदर राखूनही म्हणावेसे वाटते की लावलेल्या रोपांची संख्या हे वनाच्या आरोग्याचे माप नव्हे. पिशवीत वाढविलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घेते, आणि मुरमाड उतारावर जे मूळ जन्मभर त्याला वाचविणार तेच प्रारंभी खुंटते. म्हणून अंजन, खैर, बेल यांचे बी जागेवर टोकणे, सागाची सागजडी (छाटलेले मूळ-खोड) वापरणे, उतारांवर सलग समपातळी चर खोदून पाणी मुरविणे, हे मार्ग या भूमीला अधिक मानवतात. आणि त्याहूनही स्वस्त, त्याहूनही खात्रीचा मार्ग म्हणजे जमिनीखाली आधीच तयार असलेल्या मुळांना दोन-तीन वर्षांची मोकळीक देणे : वणव्याच्या हंगामापूर्वी जाळरेषा साफ करणे, पाळीपाळीने चराईबंदी, खुंटावरील अनेक फुटव्यांतून एक जोमदार फुटवा राखणे. वऱ्हाडात गावोगावी असलेल्या ई-क्लास (गायरान) जमिनींवर, अतिक्रमण आणि ओसाडी यांच्या कचाट्यातून त्यांना सोडवून, हा प्रयोग सहज करता येईल.

अशी बंदी लोकांवर लादून टिकत नाही. मेंढपाळाच्या कळपाला आणि अल्पभूधारकाच्या जोडीला चारा कोठून मिळेल, याचे उत्तर दिल्यावाचून चराईबंदीचा हुकूम काढणे अन्यायाचे आहे. आणि सातपुड्यातील भिंगारा, चाळीसटापरी यांसारख्या पाड्यांतील आदिवासी कुटुंबे, ज्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने रानाचे राखणदार म्हणूनही अधिकार दिले आहेत, त्यांच्या संमतीवाचून आग रोखण्याची कोणतीही तजवीज व्यर्थ आहे. मोह आणि तेंदू यांवर ज्यांचा उदरनिर्वाह आहे त्यांनाच त्या झाडांच्या आयुष्याची सर्वाधिक गरज असते.

रानाला ही उसंत मिळावी म्हणून शासनाने एक साधा नियम करावा, असे सुचवावेसे वाटते. एखाद्या तालुक्यात दुष्काळ जाहीर होतो तेव्हा महसूल, पाणी आणि रोजगार यांविषयीचे आदेश निघतात. त्याच आदेशांत पुढील तीन वर्षांसाठी तेथील वनाचा बंदोबस्त ठरवावा : कोणती कुरणे व कूप (तोडीचे पट्टे) बंद राहतील, त्याच्या मोबदल्यात चारा कोठून दिला जाईल, जाळरेषांचे काम कोणत्या ग्रामसभेकडे सोपविले जाईल. दुष्काळाच्या वर्षी रान गुरांसाठी उघडावे लागते, आणि ते योग्यही आहे. पण त्यानंतरच्या वर्षी, पाऊस बरा झाला म्हणून सर्वांचे लक्ष शेताकडे वळलेले असताना, अशक्त झालेल्या झाडांवर पुन्हा आग, पुन्हा शेळी आणि पुन्हा कुऱ्हाड चालते, आणि वन प्रत्यक्षात मोडते ते त्या वर्षी. ज्या वृक्षांनी खडकाच्या भेगेतून पाणी शोधण्याची आणि भर वैशाखात पालवी काढण्याची विद्या संपादन केली आहे त्यांना सोसायला शिकविण्याची आवश्यकता नाही. दुष्काळानंतरची तीन वर्षे त्यांच्या नावे राखून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ते आपल्या कुवतीतील आहे.